उतारवयातले जुनाट आजार, औषधं आणि संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या ज्येष्ठांची औषधांची फाइल ज्यांच्या हातात असते, त्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं झालेल्या संशोधनाच्या आधारानं दिली आहेत. ती वाचून कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका किंवा वाढवू नका. डॉक्टरांशी बोलताना मात्र ती जरूर वापरा.

नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये म्हातारी माणसं इतकी कमी का असतात?

चाचणी करणाऱ्याला औषधाचा परिणाम स्वच्छ दिसायला हवा असतो. एकच आजार असलेला, मूत्रपिंड ठणठणीत असलेला, दर महिन्याला आपल्या पायांनी तपासणीला येणारा माणूस त्याला सोयीचा पडतो. पंच्याऐंशीच्या आजींना मधुमेह असतो, गुडघे गेलेले असतात, ऐकू कमी येतं आणि पाच-सहा गोळ्या आधीपासून चालू असतात. त्यांना चक्कर आली तर ती नव्या औषधाची की जुन्या दुखण्याची, हे सांगणं अवघड. मग निवडीच्या अटी अशा लिहिल्या जातात की आजी आपोआप बाहेर राहतात. वयाची मर्यादा दर वेळी उघड लिहिलेली नसते. बऱ्याचदा ती ‘मूत्रपिंडाचं काम इतकं हवं’, ‘दुसरा गंभीर आजार नको’ अशा वाक्यांत दडलेली असते.

यातून नुकसान काय होतं, ते शरीराकडे पाहिलं की कळतं. वय वाढतं तसं मूत्रपिंडाचं गाळण्याचं काम मंदावतं, म्हणून मूत्रावाटे बाहेर पडणारं औषध अंगात जास्त वेळ राहतं. स्नायू घटतात आणि चरबीचं प्रमाण वाढतं, म्हणून डायझेपामसारखं चरबीत विरघळणारं झोपेचं औषध दिवसच्या दिवस रेंगाळतं. त्यातही एक फसगत आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडानं रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) स्नायूंमधून तयार होतं. स्नायूच कमी असतील तर मूत्रपिंड थकलेलं असूनही रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल दिसतो. म्हणून ज्येष्ठांच्या बाबतीत नुसतं क्रिएटिनिन न बघता त्यावरून काढलेला ‘ईजीएफआर’ (मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज) विचारावा, आणि माणूस फारच कृश असेल तर त्यावरही डोळे मिटून विसंबू नये.

ज्या आजाराचं औषध वृद्धांना दिलं जाणार आहे, त्याच्या चाचणीत वृद्ध पुरेशा संख्येनं असावेत, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना १९९३ पासून आहे. तरीही तूट भरून निघालेली नाही. सगळ्यात जास्त औषधं जी माणसं घेतात, त्यांच्यावरच त्या औषधांचा अभ्यास सगळ्यात कमी झालेला असतो. मला हा त्यांच्यावर झालेला अन्याय वाटतो.

म्हणजे ऐंशीनंतर बीपीची गोळी घेणं हा नुसता अंदाजच का?

नाही. रक्तदाबाच्या बाबतीत वृद्धांना मुद्दाम घेऊन चाचण्या झाल्या आहेत आणि त्या वाचण्यासारख्या आहेत.

अति वृद्ध माणसाचा रक्तदाब उतरवला तर फायद्यापेक्षा अपायच होईल, अशी शंका बराच काळ होती. २००८ साली ‘हायवेट’ चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाची ३,८४५ माणसं होती. वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना एकतर खरी गोळी दिली गेली किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. खऱ्या गोळीचं लक्ष्य १५०/८० असं माफक होतं. त्या गटात मृत्यू २१ टक्के कमी झाले, हृदय निकामी होण्याचे प्रसंग ६४ टक्के कमी झाले, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवून निष्कर्ष जाहीर करावे लागले.

पुढे २०१५ मध्ये ‘स्प्रिंट’ आली. एकूण ९,३६१ माणसं, त्यातली २,६३६ पंचाहत्तर किंवा त्याहून मोठी. वरचा रक्तदाब १४० च्या आत ठेवावा की १२० च्या, असा प्रश्न होता. १२० च्या गटाला फायदा झाला आणि तो पंचाहत्तरीपुढच्यांमध्येही दिसला.

मात्र स्प्रिंटमध्ये कोण नव्हतं, हेही पाहायला हवं. मधुमेही नव्हते. आधी पक्षाघात होऊन गेलेले नव्हते. शुश्रूषागृहात (वृद्धांच्या कायमच्या देखभालीच्या संस्थेत) राहणारे नव्हते. उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा रक्तदाब ११० च्या खाली जायचा, तेही नव्हते. शिवाय मोजणी पाच मिनिटं शांत बसवून स्वयंचलित यंत्रानं केलेली होती. जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला घाईघाईत पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा त्या १२० शी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

घरी एवढं करता येईल : बसून रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्री उठताना तोल जातो, त्याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं.

शुगर जितकी कमी तितकी चांगली ना?

तसं वाटणं साहजिक आहे, आणि संशोधकांनाही तसंच वाटत होतं. ‘ॲकॉर्ड’ चाचणीत टाइप २ मधुमेहाची १०,२५१ माणसं होती, सरासरी वय ६२. एका गटाची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६ च्या खाली आणायचा कसोशीनं प्रयत्न झाला, दुसऱ्याची ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवली. २००८ मध्ये पहिल्या गटावरचे ते कडक उपचार थांबवावे लागले, कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २०३.

हे बासष्टीतल्या माणसांचं झालं. ऐंशी-पंच्याऐंशीत साखर खाली जाण्याचा धोका आणखी मोठा असतो, आणि ती खाली गेलेली ओळखूही येत नाही. तरुण माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते. वृद्ध माणूस नुसता गोंधळतो, अडखळत बोलतो, पडतो, आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे होतंय. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधडही दबून जाते.

म्हणूनच आता प्रकृती बरी असलेल्या ज्येष्ठांसाठी एचबीए१सी ७ ते ७.५ च्या आत, आणि अनेक आजार किंवा विस्मरण असलेल्यांसाठी ८ च्या आत, असं सैल लक्ष्य ठेवायला सांगितलं जातं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात तर त्या आकड्यामागे न लागता साखर फार खाली जाऊ नये आणि फार चढल्यामुळे त्रास होऊ नये, एवढंच बघतात. आईच्या रिपोर्टवर ७.८ दिसलं म्हणून तिला बोलणी बसत असतील, तर ती थांबवा.

हृदयविकार टाळायला रोज छोटी ॲस्पिरिन घ्यावी का?

आधी झटका, पक्षाघात असं काही झालेलं नसेल तर सत्तरीपुढे नव्यानं सुरू करू नये, असंच पुरावा सांगतो. ‘ॲस्प्री’ चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ निरोगी वृद्ध माणसं होती. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन ती अधिक काळ धडधाकट राहिली नाहीत. मोठा रक्तस्राव मात्र १०० पैकी ३.८ जणांना झाला, न घेणाऱ्यांत २.८ जणांना. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं.

ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा. त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन सोडणं धोक्याचं आहे.

एका माणसाला रोज दहा-बारा गोळ्या खरंच लागतात का?

प्रत्येक गोळी एकेकटी पाहिली तर योग्यच असते. अडचण बेरजेत आहे.

२००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक कागदावरचा प्रयोग केला. ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला रक्तदाब, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, सांधेझीज आणि फुप्फुसाचा जुना आजार असे पाच विकार आहेत असं मानलं आणि प्रत्येक विकाराची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत पाळली. बाईच्या वाट्याला १२ औषधं आली, दिवसाकाठी १९ मात्रा, आणि वर पथ्यपाणी. कुणीही काही चुकीचं लिहिलेलं नव्हतं. पाच जणांनी पाच आजार पाहिले, एवढंच.

त्यात गोळीवर गोळी चढत जाते. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू होते, तिच्यामुळे पाय सुजतात. सूज नवीन आजाराची समजून लघवीची गोळी येते. रात्री तीनदा उठावं लागतं, झोपमोड होते, म्हणून झोपेची गोळी येते. मग एके रात्री अंधारात तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. या साखळीला कुठून सुरुवात झाली, हे पाहायचं तर सगळ्या गोळ्या कोणत्या तारखेला चालू झाल्या याची यादी हवी. ती यादी बहुतेक घरांत नसते. आजच करायला घ्या.

वृद्धांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत, याची एक यादी डॉ. मार्क बीअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केली. ती ‘बीअर्स निकष’ म्हणून ओळखली जाते आणि आता अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी तिच्यात वेळोवेळी सुधारणा करते. झोपेची आणि चिंतेची बेंझोडायझेपिन औषधं, जुनी ॲलर्जीची औषधं, दीर्घकाळ घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या तिच्यात आहेत. ही बंदीची यादी नाही. ‘इथे थांबून विचार करा’ असं ती सांगते.

चालू असलेली गोळी कमी करायला सुचवलं तर डॉक्टर रागावतील का?

चांगला डॉक्टर रागावत नाही. कॅनडात २०१४ साली झालेली एक चाचणी मला फार मोलाची वाटते. ६५ ते ९५ वयाच्या, झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या ३०३ जणांपैकी निम्म्यांना फक्त एक पुस्तिका दिली : या गोळीचे धोके, आणि हळूहळू कशी कमी करायची याचं वेळापत्रक. डॉक्टरांशी बोला, असं त्यात सुचवलं होतं. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. समजेल अशा भाषेतला एक कागद हातात पडला, आणि नव्वदीच्या घरातल्या माणसांनीही स्वतःहून विषय काढला.

ही औषधं एकदम मात्र तोडू नयेत. आठवडे, कधी महिने लागतात.

‘फ्रेलिटी’ हा शब्द रिपोर्टवर आहे. म्हणजे नुसता अशक्तपणा ना?

त्याहून नेमकं काही. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा सांगितल्या : न ठरवता वजन घटणं, सतत थकवा, मुठीची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. यांतल्या तीन किंवा जास्त असतील तर तो माणूस ‘फ्रेल’. अशा माणसाला साधा ताप किंवा जुलाबही उलथून टाकतो आणि पूर्ववत व्हायला फार काळ जातो. नुसत्या वयाच्या आकड्यापेक्षा ही अवस्था पुढच्या धोक्याबद्दल जास्त सांगते. दोन ऐंशी वर्षांच्या माणसांपैकी एकाला शस्त्रक्रिया झेपते आणि दुसऱ्याला नाही, ते यामुळे.

आणि ही अवस्था काही प्रमाणात मागे फिरवता येते. १९९४ साली शुश्रूषागृहातल्या १०० वृद्धांवर झालेली एक चाचणी आहे, सरासरी वय ८७. त्यांच्याकडून दहा आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग वाढला. नुसतं पोषक पेय दिलेल्यांत तसं घडलं नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षीही स्नायू साद देतो. म्हणून ‘आता तुम्ही बसूनच राहा, आम्ही सगळं करतो’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य ज्येष्ठांचं नुकसान करतं. तोल सुधारणारे आणि पायांना बळ देणारे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं १०८ चाचण्या एकत्र तपासून २०१९ मध्ये दिसलं.

वडील न्यूमोनियासाठी दाखल झाले आणि दुसऱ्या रात्रीपासून भलतंच बोलू लागले. हे वेड आहे का?

नाही. याला डिलिरियम म्हणतात. काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, लक्ष टिकत नाही. जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, वेदना, नवीन औषध, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं, आणि ते शोधणं हाच त्याचा उपचार. काही जण आरडाओरडा न करता उलट गप्प पडून राहतात. ‘आज शांत झोपलेत’ म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही, आणि तोच प्रकार जास्त निसटतो.

हा बऱ्याच अंशी टाळता येतो, तोही महागड्या औषधांविना. १९९९ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर अभ्यास केला. एका गटाला चष्मा आणि कानाचं यंत्र लावून दिलं, आज कोणता वार, आपण कुठे आहोत हे वारंवार सांगितलं, रात्री झोपमोड टाळली, पाणी पाजलं, लवकर चालवलं. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. घरच्यांना यातलं जवळजवळ सगळं करता येतं. दाखल होताना चष्मा आणि कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवून येऊ नका. आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खाटेवरून उठवून खुर्चीत बसवा. निरोगी वृद्धांना नुसते दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचं मांस जवळपास एक किलोनं झडतं.

स्मृतिभ्रंश थांबवणारं औषध निघालं, ही बातमी खरी आहे का?

थांबवणारं नाही. वेग थोडा कमी करणारी औषधं आली आहेत. त्यांतल्या लेकॅनेमॅबची चाचणी अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या) सुरुवातीच्या अवस्थेतल्या १,७९५ रुग्णांवर १८ महिने झाली. बातम्यांत ‘२७ टक्के फायदा’ असं छापून आलं. हा आकडा खरा आहे, पण तो समजून घ्यावा लागतो. आजाराची तीव्रता ० ते १८ गुणांवर मोजली होती. औषध न मिळालेले सरासरी १.६६ गुणांनी घसरले, मिळालेले १.२१ नी. फरक ०.४५ गुणांचा. त्यासाठी चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, मेंदूचे वारंवार एमआरआय, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका. काहींना हे करावंसं वाटेल, काहींना नाही. दोन्ही निर्णय समंजस असू शकतात.

टक्क्यांत लिहिलेल्या कुठल्याही बातमीला हाच प्रश्न विचारा : शंभर जणांत नेमक्या किती जणांना, किंवा मूळ मोजपट्टीवर किती फरक पडला?

दुसरी बाजू कमी चर्चेत येते. फिनलंडमधल्या ‘फिंगर’ चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असं सगळं एकत्र दिलं, आणि त्यांची आकलनशक्ती थोडी जास्त चांगली राहिली. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत बहिरेपणा, न सुधारलेली दृष्टी, एकटेपणा, मधुमेह आणि मध्यमवयातला रक्तदाब आहे. आजोबांना कमी ऐकू येतं, ही गोष्ट घरात हसण्यावारी नेली जाते. ती तपासणीची बाब आहे.

कर्करोगाच्या नेहमीच्या तपासण्या कितव्या वर्षापर्यंत कराव्यात?

लक्षणं नसताना केलेल्या तपासणीचा फायदा उशिरा मिळतो. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तपासलेल्या १,००० जणांमागे एक मृत्यू टळायला सुमारे १० वर्षं लागतात. त्रास मात्र लगेच सुरू होतो : पुढच्या चाचण्या, टोचणी, काळजी. म्हणून वयापेक्षा पुढची दहा वर्षं हाती असण्याचा संभव किती, हे पाहावं. लक्षण असेल तर मात्र ही चर्चाच नको, तपासणी करावीच.

आजीला चाचणीत भाग घ्यायला विचारलं आहे. हो म्हणावं का?

आधी आजीला काय वाटतं ते पाहा. स्मरणशक्ती कमी असेल आणि कायद्यानं संमती दुसऱ्या कुणाला द्यावी लागत असेल, तरीही तिची मान डोलते की नाही याला महत्त्व आहे. ती नको म्हणत असेल तर नकोच. संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागा. नेहमीचे उपचार चालू राहणार का, अपाय झाल्यास खर्च कोणाचा, किती वेळा यावं लागेल, हे विचारा. मधेच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडू देता येत नाही. हे सगळं नीट असेल तर माझं मत ‘हो’कडे झुकतं, कारण अशा आज्या चाचण्यांत आल्या नाहीत तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलणार नाही.

पॅलिएटिव्ह उपचार (वेदना आणि त्रास कमी करणारे) सुचवले, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

असं समजून कितीतरी कुटुंबं ही मदत नाकारतात, याचं वाईट वाटतं. २०१० साली फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना कर्करोगाच्या उपचारांबरोबरच सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा मिळाली. त्यांना उदासी कमी आली, शेवटच्या दिवसांत कडक उपचार कमी झाले, आणि ते जगलेही जास्त : मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या जुनाट आजारांतही धाप, वेदना आणि झोप यांसाठी ही सेवा मागता येते. इतर उपचार त्यासाठी सोडावे लागत नाहीत.

काळजी घेणाऱ्याच्या तब्येतीवर काही संशोधन आहे का?

आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त दिसला. काळजी घेऊनही ताण न जाणवणाऱ्यांत तसा धोका वाढला नव्हता. म्हणजे घातक ठरतं ते एकट्यानं ओढणं. पाळ्या लावा. सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याचं सगळं करत असेल, तर तपासणीला दोघांनाही न्या.

डॉक्टरांच्या भेटीला जाताना काय तयारी करावी?

सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या : गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मलमं, शेजाऱ्यांनी सुचवलेली चूर्णंही. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडलं, वजन किती उतरलं, अंघोळ-कपडे-चालणं यांतलं काय नव्यानं जमेनासं झालं, हे चार ओळींत लिहून घ्या. रक्तदाब आणि साखरेच्या नोंदी असतील तर त्या. आणि निघण्याआधी आईला किंवा वडिलांना स्वतः विचारा, त्यांना सगळ्यात जास्त काय हवं आहे. कुणाला दुखणं कमी व्हायला हवं असतं, कुणाला एकट्यानं अंघोळ करता यायला हवी असते, कुणाला गोळ्या कमी व्हायला हव्या असतात. खोलीत गेल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःला बोलू द्या. वेळ लागला तरी मधे बोलू नका.